माणूस वाचला, त्याचे हात कोण परत देणार?

अंगावरून वारे गेले, रेल्वेच्या गर्दीतून पडून हात मोडला, कारखान्यातील प्रेसमध्ये बोटे सापडली, असा प्रसंग घरावर आला की सारे नातेवाईक धावून येतात. कोणी रक्त देतो, कोणी उसनवार करून पैसे उभे करतो. माणूस वाचतो. डॉक्टर घरी जाण्याची चिठ्ठी देतात आणि घरातले हात जोडून बाहेर पडतात. उपचार संपला, अशी त्यांची समजूत असते.

परंतु खरी परीक्षा त्या दिवसापासूनच सुरू होते. आता या माणसाला आंघोळ कोण घालणार? घास कोण भरवणार? चाळीच्या टोकाला असलेल्या संडासापर्यंत त्याला कोण नेणार? घरातील कर्ती मंडळी कामावर गेली की तो दिवसभर काय करणार? आणि सर्वांत मोठा प्रश्न, जो त्याच्या मनात सारखा घोळत असतो आणि तोंडाने तो कोणालाच विचारीत नाही : मी आता कुणाच्या उपयोगाचा राहिलो का?

सामाजिक कार्याच्या निमित्ताने आम्ही वस्त्यांतून, चाळींतून फिरतो. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली अशी माणसे आम्ही कितीतरी पाहिली आहेत. त्यांचा आजार केव्हाच थांबलेला असतो. थांबलेले नसते ते फक्त त्यांचे परावलंबन. अशा माणसाला पुन्हा स्वत:च्या हाताने जगायला शिकवणारे एक शास्त्र आहे. त्याचे नाव व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी. मोठ्या सरकारी रुग्णालयात या नावाची पाटी असते. पण पाटीखालून रोज जाणाऱ्या आपल्या बांधवांना आत काय चालते याची कल्पना नसते. ती यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

नावाने केलेला घोटाळा

‘व्यवसाय’ हा शब्द वाचून अनेकांना वाटते की येथे अपंगांना धंदा शिकवीत असतील. काहींना वाटते की हा मालिशचाच प्रकार. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. येथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा एवढाच अर्थ नाही. सकाळी उठून दात घासण्यापासून रात्री अंथरूण घालेपर्यंत माणूस जे जे करतो, ते सारे व्यवसायात येते. शर्टाची गुंडी लावणे हा व्यवसाय, मुलाला मांडीवर घेणे हा व्यवसाय, शाळेत पाटीवर अक्षर गिरवणे हा व्यवसाय आणि कारकुनाने खतावणी लिहिणे हाही व्यवसायच.

भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, आणि व्यवसायोपचार ही दोन सख्खी भावंडे आहेत. एकाच माणसाला पुष्कळदा दोन्ही लागतात. फरक उदाहरणाने कळेल. भौतिकोपचारतज्ज्ञ मुख्यत: हालचाल आणि स्नायूंची ताकद यांकडे पाहतो, खांदा किती वर जातो, पाय किती भार घेतो, हे तपासून व्यायाम देतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ विचारतो, ‘या खांद्याने तुम्हाला केस विंचरता येतात का? फळीवरचा डबा काढता येतो का?’ येत नसतील तर तो तीन वाटा धरतो. हाताची शक्ती वाढवायची. ते पुरेसे नसेल तर काम करण्याची रीत बदलायची. तेही पुरेसे नसेल तर साधन किंवा घराची रचना बदलायची. डबा फळीवरून खालच्या कप्प्यात आणून ठेवणे, हाही या शास्त्रात उपचारच आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. आपल्या देशात माणसाने कोणते काम करावे हे त्याच्या जन्मावरून ठरवले गेले. कामाची निवड हिरावून घेणे म्हणजे माणूसपण हिरावून घेणे, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. व्यवसायोपचाराची पहिली पायरी अगदी याच्या उलट आहे. येथे रोग्यालाच विचारतात, ‘तुम्हाला पुन्हा काय करता यावे असे वाटते?’ उपचाराचे ध्येय त्याच्या उत्तरावरून ठरते.

शास्त्राचा थोडा इतिहास

या व्यवसायाची पहिली संघटना अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मार्च १९१७ मध्ये स्थापन झाली. संस्थापकांपैकी जॉर्ज बार्टन हा वास्तुविशारद होता. त्याला क्षयाने ग्रासले होते, पायाचा काही भाग कापावा लागला होता आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली होती. बागकाम आणि सुतारकाम करीत त्याने स्वत:ला उभे केले आणि हाच मार्ग इतरांना दाखवला. म्हणजे या शास्त्राच्या पायाभरणीत एका अपंग माणसाचा हात आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे दोन महायुद्धांत जखमी झालेल्या सैनिकांमुळे त्याचा प्रसार झाला.

भारतात याची सुरुवात आपल्या मुंबईत झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर येथल्या झालेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराचे देशातील पहिले विद्यालय सुरू झाले. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी दहा देशांनी मिळून जागतिक महासंघ स्थापन केला. त्या दहांत भारत होता. १९५५ साली मुंबईतच हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय पातळीवरील संस्था सुरू झाली. म्हणजे हे शास्त्र आपल्या दाराशी येऊन सत्तर वर्षे लोटली. दार उघडून आत जाणे मात्र अद्याप बाकी आहे.

तेव्हा पोलिओची मुले मोठ्या संख्येने उपचाराला येत. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रोगी आढळला नाही आणि २०१४ साली आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्यामुळे हा विभाग रिकामा झालेला नाही. पक्षाघात, अपघात, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, संधिवात, भाजणे, कुष्ठरोग, मानसिक आजार अशा अनेकांना त्याची गरज आहे.

सुट्या पैशांचा हिशेब

काम कसे चालते हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्या माहितीतील एक भाजीवाल्या मावशी. वय पंचावन्नच्या आसपास. अंगावरून वारे जाऊन उजवी बाजू गेली. दोन महिन्यांत काठी घेऊन चालू लागल्या, पण उजवा हात लोंबतच होता. मुले कमावती. ती प्रेमानेच म्हणाली, ‘आई, आयुष्यभर खपलीस, आता तू बस.’ सूनही चांगली. घास भरवी, वेणी घाली. आणि मावशी दिवसेंदिवस अबोल होत चालल्या.

सरकारी रुग्णालयातील व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी त्यांना विचारले, ‘मावशी, सगळ्यात आधी काय जमायला हवे?’ घरच्यांना वाटले, त्या जेवणखाण किंवा आंघोळ म्हणतील. मावशी म्हणाल्या, ‘गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देता आले पाहिजेत.’

उपचार तेथूनच सुरू झाला. टेबलावर एक, दोन, पाच रुपयांची नाणी पसरली. डाव्या हाताने डबी धरायची, उजव्या बोटांनी नाणे कडेपर्यंत सरकवायचे, मग उचलायचे, मग वेगवेगळे लावायचे. सुरुवातीला दहा नाण्यांना अर्धा तास लागे. ज्या दिवशी बोटे साथ देत नसत त्या दिवशी डाव्या हाताने तेच काम. जोडीला रीत बदलली : पैशाची पिशवी कमरेला बाजूला न खोचता पोटावर समोर बांधली. साधन बदलले : तागडीला दोन हात लागतात, म्हणून टपावर ठेवायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. बसण्यासाठी जमिनीऐवजी उंच स्टूल आले, कारण खाली बसल्यावर उठता येत नव्हते. सात-आठ महिन्यांनी मावशी संध्याकाळचे तीन तास धंद्यावर बसू लागल्या. पाट्या नातू उचलतो. हिशेब मात्र त्यांचा. उजवा हात पूर्ण बरा झाला नाही; पण मावशी पुन्हा बोलू लागल्या.

या उदाहरणात चमत्कार नाही. नीट विचारलेला प्रश्न, कामाचे लहान लहान तुकडे आणि रोजचा सराव, एवढेच आहे.

मायेने होणारे नुकसान

रोग्याला सर्वाधिक इजा कधी कधी माया करणाऱ्यांकडूनच होते, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. अर्धांगाच्या रोग्याला उठवताना आपण लुळ्या हाताला धरून ओढतो. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात. ओढल्याने सांधा खाली सरकतो, दुखू लागतो आणि मग रोगी हात हलवूच देत नाही. उठवताना हात ओढू नये. पाठीला आणि कमरेला आधार द्यावा. बसल्यावर तो हात लोंबत न ठेवता उशीवर ठेवावा.

कपडे घालताना लुळा हात बाहीत आधी घालावा, चांगला नंतर. काढताना चांगला आधी, लुळा नंतर. एवढा साधा नियम कळला तर कित्येकजण आठवड्याभरात स्वत: शर्ट घालू लागतात. पोळपाट सरकत असेल तर खाली ओले फडके ठेवावे. एका हाताने कांदा चिरायचा असेल तर फळीला खालून दोन न गंजणारे खिळे ठोकून त्यांच्या टोकांवर कांदा खोचावा.

काही वेळा रोगी ताटातील एका बाजूचेच जेवतो, दुसरी बाजू तशीच टाकतो. दाढी अर्ध्याच गालाची करतो. घरचे म्हणतात, ‘तऱ्हेवाईक झाला.’ तो तऱ्हेवाईक नसतो. मेंदूच्या एका बाजूला इजा झाल्यामुळे त्याचे त्या बाजूकडे लक्षच जात नाही. अशा वेळी रागावून उपयोग नाही. त्याला मान वळवून त्या बाजूला पाहण्याची सवय लावावी लागते. ही खूण तज्ज्ञाला सांगितली तर उपचाराची दिशाच बदलते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : त्याला जे येते ते आपण करू नये. गुंडी लावायला त्याला दहा मिनिटे लागत असतील तर दहा मिनिटे थांबावे. आपली घाई हीच पुष्कळदा त्याची दुसरी व्याधी असते.

शेक, यंत्रे आणि खपाच्या

व्यवसायोपचारात काही सहाय्यक उपचारही असतात. आखडलेल्या बोटांना पातळ केलेल्या मेणाचा शेक, गरम किंवा थंड पट्ट्या, स्नायूला विजेचे सौम्य झटके, हात योग्य स्थितीत धरून ठेवणाऱ्या खपाच्या म्हणजे स्प्लिंट, आरशासमोर चांगला हात हलवून लुळ्या हाताला चालना देण्याची आरसा-पद्धत. आरशाचा हा उपयोग व्ही. एस. रामचंद्रन या भारतीय वंशाच्या मेंदूतज्ज्ञाने १९९० च्या दशकात प्रथम हात गमावलेल्या रोग्यांसाठी केला. पुढे तो पक्षाघातातही होऊ लागला.

पण वाचकांनी एक खूणगाठ बांधावी. या शास्त्रात असे उपचार म्हणजे कामाची पूर्वतयारी असते. मेणाच्या शेकाने बोटे सैल झाली की लगेच त्या बोटांकडून काम करून घ्यायचे. यंत्र लावले, पंधरा मिनिटांनी काढले, पैसे घेतले आणि घरी पाठवले, तर त्याला व्यवसायोपचार म्हणता येणार नाही.

शिवाय हे उपचार निरुपद्रवी नसतात. कुष्ठरोगाने किंवा पक्षाघाताने हाताची संवेदना गेली असेल तर मेण किती गरम आहे हे रोग्याला कळत नाही; हात भाजून निघतो. अशा हातांसाठी चहाच्या पेल्याला जाड वेष्टन, भांड्यांना लाकडी मुठी आणि रोज संध्याकाळी तळवे पाहून जखम शोधण्याची सवय, हेच खरे संरक्षण. तळहाताची तुटलेली शीर, म्हणजे स्नायुरज्जू, शिवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जोर केला तर ती पुन्हा तुटते आणि हात नुसता बांधून ठेवला तर ती आजूबाजूला चिकटून बोट ताठ होते. किती हलवायचे, केव्हा हलवायचे, हे शिकलेल्या माणसाच्या नजरेखालीच झाले पाहिजे.

देखरेख कोणाची?

म्हणून देखरेखीचा प्रश्न महत्त्वाचा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवान्याचा कायदा आहे. तेथे पूर्ण शिकलेला तज्ज्ञ, साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला सहाय्यक आणि हाताखालचा मदतनीस अशा पायऱ्या आहेत. रोग्याची तपासणी आणि उपचाराची योजना यांची जबाबदारी तज्ज्ञाची. सहाय्यक योजनेप्रमाणे उपचार देतो, पण तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. मदतनिसाने फक्त सांगितलेली ठरावीक कामे करायची. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा हे तेथे कागदावर पक्के असते.

आपल्याकडे महाराष्ट्राने व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांच्या राज्य परिषदेसाठी २००२ चा कायदा केला आणि नोंदणीची सोय झाली. देशपातळीवर २०२१ साली संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात व्यवसायोपचाराला स्वतंत्र वर्ग दिला आहे. या कायद्याची फोड आम्ही हिशेबी माणसाच्या नजरेने केली, ती अशी : किमान ३६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांचे पदवी शिक्षण घेतलेला तो आरोग्यसेवा व्यावसायिक. सल्ला देणे, उपचार करणे, देखरेख ठेवणे हे त्याच्या व्याख्येतच आहे. किमान २००० तासांची, दोन ते चार वर्षांची पदविका किंवा पदवी घेतलेला तो संलग्न व्यावसायिक. त्याने वरिष्ठांनी ठरवलेल्या उपचारयोजनेला हातभार लावायचा. महाराष्ट्रात व्यवसायोपचाराची पदवी वर्षानुवर्षे साडेचार वर्षांची होती. त्यात शेवटचे सहा महिने रुग्णालयात वरिष्ठांच्या नजरेखाली काम करावे लागे.

आणि दुसरीकडे आपण काय पाहतो? चार-सहा आठवड्यांचे वर्ग करून गल्लीत ‘थेरपी सेंटर’ची पाटी लागते. स्वमग्न किंवा मंदगती मुलांचे आईबाप आशेने येतात, दागिने मोडून महिन्याचे हजारो रुपये भरतात. मूल आत जाते, दार बंद होते, पाऊण तासाने बाहेर येते. आत कोणी, काय, कशासाठी केले याचा कागदाचा कपटाही मिळत नाही. सर्व खाजगी केंद्रे अशी आहेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मन लावून काम करणारे तज्ज्ञ आम्ही पाहिले आहेत. परंतु दुधाचे माप तपासून घेणारे आपण, मुलाच्या उपचाराचे माप का तपासत नाही?

म्हणून कोणत्याही केंद्रात गेल्यावर पाच प्रश्न नम्रपणे, पण न घाबरता विचारावेत.

एक, तपासणी कोणी केली, त्यांची पदवी कोणती आणि नोंदणी क्रमांक काय?

दोन, रोज उपचार देणारी व्यक्ती तीच आहे की दुसरी? दुसरी असेल तर तिच्यावर देखरेख कोणाची आणि ते रोग्याला पुन्हा कधी पाहणार?

तीन, येत्या तीन महिन्यांत कोणते काम जमावे असे ध्येय आहे? ते लिहून मिळेल का?

चार, घरी आम्ही काय करायचे? ते आम्हाला दाखवा आणि आमच्याकडून करवून पाहा.

पाच, सुधारणा नाही झाली तर योजना केव्हा बदलणार?

चांगला तज्ज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला बरे वाटते. चौथा प्रश्न तर त्याच्याच हिताचा, कारण घरचा माणूस हाच या देशातील सर्वांत मोठा सहाय्यक आहे. त्यालाही शिकवणे आणि त्याच्यावरही देखरेख ठेवणे हे तज्ज्ञाचेच काम.

खोली लहान, खुर्ची मोठी

साधनांच्या बाबतीतही असेच होते. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला शिबिर भरते, चाकाच्या खुर्च्या वाटल्या जातात, फोटो निघतात. कोणाच्या मांडीचे, पाठीचे माप घेतलेले नसते. खुर्ची घरी येते तर मोरीच्या दारातून जात नाही आणि दहा बाय सोळाच्या खोलीत फिरत नाही. मग ती पायऱ्यांखाली गंजत पडते. तिच्यावर वाळत घातलेले कपडे आम्ही पाहिले आहेत. मापाची नसलेली खुर्ची पाठीला बाक आणते, बसल्या जागी जखमा करते. पैसा खर्च झाला, उपयोग शून्य. जमाखर्चाच्या भाषेत हा सारा बुडीत खर्च.

साधन महाग असावे लागत नाही, मापाचे असावे लागते. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची गुंडाळी केली की सैल मुठीत तो बसतो. उभ्या काठाचे ताट असेल तर एका हाताने घास गोळा होतो. मधोमध भोक असलेले मजबूत स्टूल किंवा खुर्ची भारतीय संडासावर ठेवली की गुडघे न वाकवता बसता येते. मोरीच्या भिंतीत पक्का दांडा बसवला की पडण्याची भीती कमी होते. मान न धरणाऱ्या बाळासाठी सुताराकडून प्लायवूडची कोपरा-खुर्ची करून घेता येते. अशा बाळाला आडवे झोपवून भरवू नये. अन्न श्वासनलिकेत जाते आणि वारंवार न्यूमोनिया होतो. बसवून, मान किंचित पुढे ठेवून, लहान घास द्यावेत. मात्र कोणते साधन, केवढे आणि कोणत्या उंचीचे, हे रोग्याला पाहिल्यावर तज्ज्ञानेच ठरवावे.

मोठ्या साधनांसाठी केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या दिव्यांगांना तिच्यातून साधने मिळतात. कानपूरची १९७२ साली स्थापन झालेली ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी ती बनवते. शिबिरात गेलात तर ‘आधी माप घ्या’ असे ठणकावून सांगा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते आणि गरज असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मूल उशिरा बसते, उशिरा बोलते, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून वर्षे घालवू नका. पहिली वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

नोकरी ही उपकाराची गोष्ट नाही

आता कमावत्या माणसाविषयी. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा मागे पडून त्या जागी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी सरकारी आस्थापनांत चार टक्के जागा राखीव आहेत. आमच्यासारख्या नोकरदारांनी कलम २० पाठच करून ठेवावे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा खाली आणता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. जागा नसेल तर जादा पद निर्माण करून त्याला सामावून घ्यावे लागते.

हे ठाऊक नसल्यामुळे कितीजण ‘आता जमणार नाही’ म्हणून घाबरून स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर अंगठा उठवतात! सही करण्यापूर्वी व्यवसायोपचारतज्ज्ञाकडून अहवाल घ्या. उजवा हात गेलेला लिपिक डाव्या हाताने संगणक चालवू शकतो. पाय गेलेला शिपाई आवक-जावक सांभाळू शकतो. टेबलाची उंची, दाराचा उंबरा, संडासाची सोय यांत काय बदल हवा हे तज्ज्ञ लिहून देऊ शकतो आणि तो कागद कार्यालयात बोलतो. कायद्याने असा वाजवी बदल मागणे हा हक्क मानला आहे. हक्क मागताना मान खाली घालायची नसते.

आपण काय करू शकतो?

मंडळांच्या, महिला संघांच्या, युवक कार्यकर्त्यांच्या हाती पुष्कळ आहे. पहिले काम, वस्तीची यादी. कोणत्या घरात कोण खाटेला खिळले आहे, कोणते मूल शाळेत जात नाही, कोणाकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही, हे एका वहीत लिहून काढा. ओळखपत्रासाठी आता ऑनलाइन अर्ज करावा लागतो. शिकलेल्या मुलांनी तो भरून द्यावा. दुसरे काम, जवळच्या सरकारी रुग्णालयात व्यवसायोपचार विभाग आहे का, कोणत्या वारी चालतो, याची चौकशी करून तो कागद समाजमंदिराच्या फळ्यावर लावा. विभाग नसेल तर तशी लेखी मागणी करा. तिसरे काम, रोग्याला घेऊन जाणाऱ्यांच्या पाळ्या लावा. उपचार सुटतो तो बहुधा औषध महाग म्हणून नव्हे. रोजगार बुडवून बरोबर जायला माणूस नाही म्हणून सुटतो. आठवड्यातला एक दिवस एका कार्यकर्त्याने दिला तर एका घराचा उपचार चालू राहतो.

आणि चौथे काम पैशाचे नाही, यादीचे नाही. ते ज्याच्या त्याच्या घरातले आहे. आजच संध्याकाळी जेवताना, आपल्या घरातल्या त्या माणसाच्या हातातून चमचा काढून घेऊ नका. सांडू द्या, वेळ लागू द्या. पण घास त्याचा त्याला घेऊ द्या.